जाळीच्या आतल्या कडा घासताना
मखरासाठी कापलेल्या सागवानी जाळीच्या आतल्या कडांपर्यंत बोट पोहोचत नाही, ही तुमची अडचण खरी आहे, आणि तिथे स्क्रोल सॉच (बारीक पाते वरखाली चालवून नक्षी कापणारी यांत्रिक करवत) कामी येतो. कापडी पाठीच्या १८० नंबरच्या पॉलिश पेपरची सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि पात्याइतकी, म्हणजे ५ इंच लांब पट्टी कापावी, पाठीवर चिकटपट्टी लावून तिला ताठपणा द्यावा आणि नक्षीच्या भोकातून ओवून, खरखरीत बाजू स्वतःकडे ठेवत, पात्याच्या जागी आवळावी. ताण पात्यापेक्षा कमी ठेवावा, नाहीतर पट्टी टोकाशी फाटते. वेगही सर्वांत कमी असावा. वर जाताना पट्टी तुकडा उचलू पाहते, म्हणून तो दोन्ही हातांनी दाबून धरावा आणि सतत सरकवत राहावा; वडोदऱ्यात मांडवीजवळच्या जुन्या खोलीत काम करताना मी एका कमळाच्या पाकळीवर क्षणभर थांबलो आणि तिथे पडलेली खाच पुढे कशानेच गेली नाही. नखाएवढे तुकडे, कड जराशी बाहेर राहील अशा बेताने, दुतर्फी चिकटपट्टीने फळकुटावर बसवावेत. सपाट बाजू मात्र कापण्याआधीच, फळी अखंड असताना घासून घ्याव्यात. आणि मास्क लावल्याशिवाय कृपया बसू नका. सागाची धूळ घशाला झोंबते.