पेटीची बोटं, अकॉर्डियनचा भाता

प्रश्न : ताई, मी एसटीतून निवृत्त झालो. २२ वर्षं वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतोय. मामांच्या माळ्यावरचं १२० बटणांचं अकॉर्डियन आता माझ्याकडे आलंय. उजवीकडच्या पट्ट्या पेटीसारख्याच, म्हणून वाटलं आठ दिवसांत अभंग बसतील. दोन महिने झाले, अजून जत्रेतल्या पाळण्यासारखं वाजतं. आम्ही काळी एकमध्ये गातो, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी आमचा सा. डावीकडची बटणं कशी वापरायची? एक पट्टी भाता ओढताना वाजते, दाबताना मुकी. आणि आमचे बुवा म्हणतात, हे विलायती वाद्य भजनात नको. काय करू? (एक वाचक, देवरूख)

उत्तर : पाळण्याचं वाचून मला हसू आलं, कारण माझ्या सासूबाईंनी नेमका हाच शब्द वापरला होता. दोष तुमच्या बोटांचा नाही, स्विचचा आहे. पट्ट्यांच्या वर जे स्विच आहेत, त्यांवर एक गोल दिसेल. त्या गोलाचे तीन मजले आणि मजल्यांवर ठिपके. मधल्या मजल्यावर दोन-तीन ठिपके असतील, तर एकाच सुराच्या दोन-तीन पत्त्या (हवेने वाजणाऱ्या धातूच्या जिभा) एकमेकींपासून सुरात जराशा सरकवून लावलेल्या असतात. त्यातून ती थरथर येते. युरोपातल्या नाचगाण्याला ती शोभते, विठ्ठलाला नाही. मधल्या मजल्यावर एकच ठिपका असलेला स्विच दाबा, तो आपला नर, म्हणजे पेटीतला मधला सूर. खाली एक आणि मध्ये एक असेल तर खर्ज-नर, म्हणजे त्याच्या जोडीला खालच्या सप्तकातला तोच सूर. भजनाला हाच घ्या, निम्मं काम तिथेच होईल.

उरलेलं निम्मं भात्याचं, आणि त्याला वेळ लागेल. पेटीत डावा हात फक्त हवा भरतो. आत स्प्रिंगने दाबलेला दुसरा भाता असतो, तो हवा साठवून पत्त्यांना सारख्या दाबाने देतो. म्हणून आपण हात कसाही हलवला तरी बरंच निभावतं. अकॉर्डियनमध्ये मधलं कोठार नाही. हात कचरला की सूर कचरतो. बावीस वर्षांत तुमच्या डाव्या हाताला ही जबाबदारी कधी आलीच नाही, ती आता येणार.

महिनाभर एवढंच करा. भजनी ठेका मनात धरायचा, आठ मात्रा नुसता सा ओढायचा, आठ मात्रा दाबायचा. वळताना धक्का ऐकू येता कामा नये. हे जमलं की अभंगाची ओळ घ्या आणि गाणारा जिथे श्वास घेईल तिथेच भाता वळवा. शब्दाच्या मध्ये वळवलात की ‘पंढरी’ची ‘पं... ढरी’ होते. मी वहीत ओळींवर बाण काढायचे, डावीकडे ओढ, उजवीकडे दाब. वही पाहून आमच्या मुलाला वाटलं, आई भूमितीचा गृहपाठ करतेय. हे जमल्यावर मात्र पेटीवर जे कधी मिळालं नाही ते मिळतं : एकच सूर बारीक सुरू करून फुलवता येतो आणि पुन्हा विझवता येतो.

आता डावी बटणं. १९८७च्या आषाढीला आमच्या महिला मंडळात मी पहिल्यांदा अकॉर्डियन घेऊन बसले. भैरवीतला अभंग. मी उत्साहाने तिसऱ्या ओळीतलं मेजर कॉर्डचं बटण धरून ठेवलं. त्या एका बटणात सा आणि प यांच्यासोबत शुद्ध गंधार येतो, आणि गाणाऱ्या काकू कोमल गंधारावर. खिरीत मीठ लागल्यावर माणूस जसं बघतो तसं त्यांनी गाता गाता माझ्याकडे बघितलं. पुढचे सगळे अभंग मी टाळ वाजवून काढले. कोमल गंधाराचं, म्हणजे मायनरचं बटण धरलं असतं तर भांडण टळलं असतं, पण गंधार मग कोमल रिषभावरही गुणगुणत राहतो. म्हणून भजनाला कॉर्डची बटणं वापरूच नका. माझं हे मत ऑर्केस्ट्रावाल्यांना पटत नाही, न पटो.

वापरायची ती भात्याकडून दुसरी ओळ. तिच्यात एका बटणावर खळगा आहे, ती पांढरी एक. हनुवटीकडे सरकलात की प्रत्येक बटण आधीच्याचा पंचम, जमिनीकडे सरकलात की मध्यम. म्हणजे खळग्यापासून जमिनीकडे पाच बटणं मोजलीत की तुमची काळी एक, तिच्या लगेच वरचं बटण तिचा पंचम. अनामिका सा वर, मधलं बोट प वर : तंबोरा तयार! मालकंसातलं, म्हणजे पंचम नसलेल्या रागातलं काही असेल तर पंचमाऐवजी साच्या खालचं बटण घ्या, तो मध्यम. बटणं कुणी आपल्यासाठी मांडली नव्हती, पण षड्ज-पंचम भाव कसा हाताखाली येतो बघा. मात्र हे सूर हवा फार खातात आणि गळ्यावर चढतात. सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मध्ये धरा, गाताना सोडा. कुणाच्या मोबाइलवर तंबोरा लागत असेल तर बटणांना हातही लावू नका.

पट्ट्यांकडे मान वाकवून बघू नका, मान दुखेल आणि तरी नीट दिसणार नाही. डोळे मिटून काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या जोड्या चाचपा. अभंगाला संगत कशी करायची हे तुम्हाला माहीतच आहे. नाट्यपदांसाठी गोविंदराव पटवर्धनांची पेटी ऐका, आणि अकॉर्डियनवर चाल कशी गाते यासाठी पुण्याच्या इनॉक डॅनियल्सचं वादन.

बुवांना सांगा, अकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात १८२९चं आणि हार्मोनियमचं पॅरिसमध्ये १८४२चं. विलायतीपणात दोघी सख्ख्या बहिणी, आणि अकॉर्डियन तेरा वर्षांनी थोरली. पेटीला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केलं ते १९७१पर्यंत. आज बुवा तिच्याशिवाय गायला बसतील का?

मुक्या पट्टीचं असं आहे. अकॉर्डियनमध्ये एका सुराला दोन पत्त्या, एक ओढीची, एक दाबाची. दाबाच्या पत्तीत कचरा अडकलाय किंवा तिची कातडी पट्टी वळली आहे. ती मुकी पट्टी बोटाने दाबून भाता दोन-चार वेळा जोरात चालवा. नाही सुटलं तर अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या. पेटीच्या पत्त्या पितळेच्या, या पोलादाच्या आणि मेणाने बसवलेल्या. देवरूखच्या पावसात त्यांना गंज चढतो, उन्हात उभ्या गाडीत मेण सुटतं. दोन्ही सांभाळा, आणि वाद्य गळ्यात असतं तसं उभं ठेवा.

सुई मात्र घालू नका. मी घातली होती. ओरखडा पत्तीच्या मुळाशी गेला, आणि माझ्या वाद्याचा मधला धैवत ओढताना बरोबर आणि दाबताना उतरलेला आहे. धैवतावर येताना मी अजूनही भाता आधीच वळवून घेते.