बेरीज करू की वजाबाकी?

शाब्दिक उदाहरणांबद्दल पालकांनी आणि शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. उभी मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी हातच्यासकट न चुकता करते. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र पूर्ण न वाचताच विचारते, "आई, बेरीज करू की वजाबाकी?" मी "वजाबाकी" म्हटलं की उत्तर बरोबर येतं. तिला कळत नाही की ती कंटाळा करते?

उत्तर : कंटाळा नाही. तिला अडतं ते आकडेमोडीच्या आधीचं काम, म्हणजे उदाहरणात काय घडलं ते डोळ्यांपुढे आणणं. तुम्ही "वजाबाकी" म्हणता तेव्हा नेमकं हेच काम तुम्ही करून टाकता आणि तिच्याकडे उरते ती आकडेमोड, जी तिला आधीपासून येतेच आहे.

ही सवय जगभरच्या मुलांत दिसते. १९७९-८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दाखवलं. गणिताच्या पानावर आकडे दिसले की त्यांचं काहीतरी करायचंच असतं, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

म्हणून सुरुवातीला आकडेच झाकायचे. हे उदाहरण घ्या :

"एका बरणीत काही मणी होते. त्यात आणखी १८ मणी टाकले. आता बरणीत ४५ मणी आहेत. आधी किती होते?"

बरीच मुलं ४५ + १८ = ६३ करतात, कारण 'आणखी टाकले' हे शब्द बेरजेकडे ढकलतात. १८ आणि ४५ वर कागदाचे कपटे ठेवा आणि तिला वाचायला सांगा : काही मणी होते, आणखी टाकले, आता इतके झाले. मग पुस्तक बाजूला ठेवून विचारा : आधी काय होतं? मग काय केलं? शेवटी काय झालं? या तिन्हींतलं आपल्याला काय माहीत नाही? हे तिनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं तर अजून समजलेलं नाही असं धरा.

आता कपटे काढा आणि एकच प्रश्न विचारा : उत्तर ४५ पेक्षा मोठं येईल की लहान? इथे घाई करू नका. मणी टाकून ४५ झाले, म्हणजे आधी कमीच असणार, हे तिच्या तोंडून आलं की ६३ चा रस्ता आपोआप बंद होतो.

मग चित्र. पण ४५ मणी काढत बसायचं नाही. मुलं ते रंगवण्यात रमतात आणि उदाहरण राहून जातं. चौकोनी वहीत एक लांब आडवी पट्टी काढायची. सगळ्या पट्टीवर ४५, तिचा एक भाग कापून त्यात १८, उरलेल्या भागात प्रश्नचिन्ह. पूर्ण माहीत आहे, एक भाग माहीत आहे, दुसरा भाग हवा आहे. रीत कोणती हे आता तिला विचारावं लागत नाही, पट्टीत दिसतं. ४५ − १८ = २७.

ताळ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. नुसत्या आकड्यांचा ताळा इथे फसवतो. जिनं ६३ काढले, ती ६३ − १८ = ४५ करून बघेल आणि ताळा जुळला म्हणून खूश होईल. ताळा गोष्टीत घालून करायचा : ६३ होते, त्यात १८ टाकले, ८१ झाले. पण उदाहरणात तर ४५ आहेत. २७ घातले की गोष्ट जुळते.

एका उदाहरणाला अशी दहा मिनिटं लागतील, आणि ती लागू द्या. रोज दोन उदाहरणं पुरेत. घाईनं उरकलेल्या दहा उदाहरणांत जुनी सवयच घट्ट होते.

प्रश्न : मी खूणशब्दांचा तक्ता भिंतीवर लावला आहे. 'एकूण', 'मिळून' म्हणजे बेरीज, 'उरले', 'कमी' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे गुणाकार. सुरुवातीला उपयोग झाला, आता उलट चुका वाढल्या आहेत.

उत्तर : तक्ता काढून टाका. पहिलीतली साधी उदाहरणं त्यावर सुटतात, म्हणून तो खरा वाटतो. पुढे काय होतं बघा. "६ खोक्यांत प्रत्येकी ८ पेन्सिली, एकूण किती?" इथे 'एकूण' आहे आणि गुणाकार हवा. "एकूण ४० मुलांपैकी २३ मुली, तर मुलगे किती?" इथेही 'एकूण' आहे आणि वजाबाकी हवी. "९ पेन्सिली वाटल्या, १४ उरल्या, आधी किती होत्या?" इथे 'उरल्या' आहे आणि बेरीज करायची आहे. 'प्रत्येकी'चं तेच : "२४ पेन्सिली ६ जणांत सारख्या वाटल्या, प्रत्येकी किती?" हा भागाकार आहे.

सगळ्यात जास्त चुका तुलनेच्या उदाहरणांत होतात. "मीराकडे १२ गोट्या आहेत. ओमपेक्षा तिच्याकडे ५ जास्त आहेत. ओमकडे किती?" मूल 'जास्त' वाचतं आणि १७ लिहितं. त्याचं लक्ष 'जास्त'वर गेलेलं असतं, 'पेक्षा' निसटलेला असतो. अशा वेळी आकड्यांच्या आधी विचारा : कोणाकडे जास्त? मीराकडे. मग मीराची पट्टी लांब, तिच्याखाली ओमची आखूड, दोन्ही डाव्या बाजूला एका रेषेत. मीराच्या पट्टीचं जे टोक पुढे आलं आहे ते ५. आता ओमचे ७ दिसतात. दोन्ही पट्ट्या एकाच रेषेवरून सुरू झाल्या नाहीत तर पुढे आलेलं टोक फरक दाखवत नाही, म्हणून ती रेष मुलालाच आधी आखू द्या.

शब्दांकडे लक्ष द्यायचंच नाही असं नाही. आपल्या भाषेत अर्थ बरेचदा शब्दाच्या शेपटीत असतो, तिथे बोट ठेवायला शिकवा. 'झाड ४० सेंटिमीटरने वाढलं' आणि 'झाड ४० सेंटिमीटरपर्यंत वाढलं' यांत 'ने' फरक सांगतो आणि 'पर्यंत' शेवटची उंची सांगतो. तसंच 'ओमपेक्षा ३ जास्त' आणि 'ओमच्या ३ पट'. ओमकडे ८ असतील तर पहिल्यात ११, दुसऱ्यात २४. अशा जोड्या शेजारी लिहून दोन्हींच्या पट्ट्या काढायला लावा.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. भागाकार बरोबर करतो, पण उत्तरात "६ बाकी २" लिहून मोकळा होतो.

उत्तर : आकडेमोड संपली की उदाहरण संपलं असं त्याला वाटतं. मोठी मुलंही यात अडकतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. तरी ३२ हे बरोबर उत्तर २३ टक्क्यांनीच दिलं. २९ टक्क्यांनी "३१ बाकी १२" लिहिलं. बाकीचे बारा जण बसमध्ये कसे जातील, हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

यावर उपाय म्हणजे एकच भागाकार वेगवेगळ्या उदाहरणांत वापरणं. ५० ÷ ८ घ्या. ५० मुलं, एका होडीत ८ बसतात, किती होड्या? ७, कारण उरलेल्या दोघांनाही न्यायचं आहे. ५० सेंटिमीटर फितीतून ८ सेंटिमीटरचे पूर्ण तुकडे किती? ६, उरलेल्या २ सेंटिमीटरचा तुकडा होत नाही. ५० चित्रं, एका पानावर ८, शेवटच्या पानावर किती? २, इथे बाकीच उत्तर आहे. ५० लीटर पाणी ८ टाक्यांत सारखं भरलं तर प्रत्येकीत किती? सव्वासहा लीटर, इथे बाकीचीही वाटणी होते. चारही उदाहरणं एकाच दिवशी, एकाखाली एक सोडवू द्या. मग दर वेळी "जे उरलं त्याचं काय झालं?" एवढंच विचारा. उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचा आग्रह यासाठीच धरायचा. "७ होड्या लागतील" असं लिहिताना हात जरा थांबतो आणि चूक दिसते.

प्रश्न : दोन पायऱ्यांच्या उदाहरणात मुलं पहिल्या पायरीवरच थांबतात. वर्गात काय करता येईल?

उत्तर : "५ पेट्यांत प्रत्येकी २४ पुस्तकं होती. त्यांतली ३७ वाटली. किती उरली?" इथे एक प्रश्न छापलेला आहे आणि एक लपलेला. लपलेला प्रश्न मुलांनीच शोधावा यासाठी शेवटचं वाक्य पुसून टाका आणि विचारा : एवढ्या माहितीवरून कोणकोणते प्रश्न विचारता येतील? "सगळी पुस्तकं किती होती?" हा प्रश्न बहुधा लगेच येतो. मग पुसलेलं वाक्य परत लिहा. त्याच्या आधी कशाचं उत्तर लागेल, हे वर्गच सांगतो. १२०, मग ८३.

लिहिण्याची एक चूक इथे हमखास होते : ५ × २४ = १२० − ३७ = ८३. याचा अर्थ ५ × २४ म्हणजे ८३ असा होतो. मुलांना बरोबरचं चिन्ह 'मग पुढे' असं वाटतं. दोन ओळी, दोन वेगळी गणितं, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा ते लिहायला लावा : १२० पुस्तकं, ८३ पुस्तकं.

प्रश्न : "दोघांकडे मिळून ४८ शिक्के, मीराकडे ओमच्या तिप्पट" असं उदाहरण मुलाला 'क्ष' धरून शिकवलं. त्यानं पाठ केलं, पण आकडे बदलले की अडतो. 'क्ष' लवकर होतो का?

उत्तर : या वयात, हो. पट्टीनं हेच काम होतं. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत ही पद्धत १९८० च्या दशकात आली आणि तिथे पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाते. ओमचा एक चौकोन, मीराचे तसेच तीन. दोघांचे मिळून चार चौकोन म्हणजे ४८, म्हणून एक चौकोन १२. ओमकडे १२, मीराकडे ३६. नेहमीची चूक म्हणजे ४८ ÷ ३ = १६. 'तिप्पट' ऐकून मूल मीराचेच तीन चौकोन मोजतं, ओमचा राहतो. काही न बोलता बोटानं चौकोन मोजायला लावा.

प्रश्न : नातू दुसरीत आहे, वाचताना अडखळतो. उदाहरण मी वाचून दाखवलं तर चालेल का?

उत्तर : जरूर वाचून दाखवा, आजोबा. उदाहरण ऐकून सुटत असेल तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही, हेही त्यातून कळेल. वाचन वेगळ्या वेळी घ्या. अक्षरी लिहिलेल्या संख्या मात्र तपासा. 'एकोणसाठ' ऐकून बरीच मुलं ६९ लिहितात, कारण कानाला 'साठ' ऐकू येतं. 'एकोण' म्हणजे एकानं कमी, साठाला एक कमी, हे संख्यारेषेवर ६० वर बोट ठेवून एक घर मागे सरकून दाखवा. एकोणतीस आणि एकोणपन्नासही तसंच करून बघा. एकोणऐंशी त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्या, कारण आधी ऐंशी म्हणजे किती हे पक्कं हवं.