दोन नंबरच्या होल्डमधला धूर

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद. "कॅडेटचं कोण ऐकतंय, काका?" असं परवा फोनवर म्हणालास, ते मनातून जाईना. जहाजावर चढण्याआधी 'फोर्ट स्टिकीन'ची गोष्ट नीट समजून घे.

1942 साली कॅनडात प्रिन्स रूपर्टला बांधलेली, सात हजार टनांची पोलादी मालबोट. फेब्रुवारी 1944 मध्ये ती इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाली, तेव्हा पोटात जवळपास 1,400 टन दारूगोळा आणि सोन्याच्या 124 विटा. वाटेत कराचीला रुईच्या 8,700 गासड्या भरल्या. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, खाली रुई, वर स्फोटकं! युद्धाची घाई होती, जहाजं कमी होती, सगळं मान्य. तरी ती रचना आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

12 एप्रिलला ती मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. 14 तारखेला दुपारी तिच्या व्हेंटिलेटरमधून, म्हणजे हवा खेळायच्या नळ्यांमधून, धूर निघताना दुसऱ्या बोटींवरच्या माणसांना दिसला होता. बोललं कुणीच नाही. आगीची बोंब झाली ती दोनच्या सुमारास. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण रुई आतल्या आत धुमसत राहते. आतल्या उष्णतेने जहाजाच्या अंगावर एका जागी रंगाला फोड आले. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. गोदीतलं घड्याळ पहिल्या स्फोटाच्या वेळेवरच थांबलं. 'जलपद्म' बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन शेडच्या छपरावर गेला. लांबवरच्या एका घरात सोन्याची वीट पडली, ती गोष्ट लोक रंगवून सांगतात. तू मात्र 66 अग्निशामकांची आठवण ठेव. शेवटपर्यंत होज धरून उभी होती ती माणसं. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यामुळेच.

मी कॅडेट असताना एका रात्री होल्डजवळ जळका वास आला होता. आपल्याला काय कळतं, म्हणून तासभर गप्प बसलो. सुदैवाने थोडक्यात निभावलं, पण तो तास अजून टोचतो.

तुझ्या बोटीत कोळसा आहे म्हणालास. तो तर आपोआप तापतो. होल्डचं तापमान रोज स्वतः बघून वहीत लिही. आकडा चढला की रात्रीचे दोन वाजले असले तरी चीफ ऑफिसरचं दार वाजव. ओरडला तर ओरडू दे.

तुझा काका