कोल्हापुरातल्या नव्या फ्लॅटचा हॉल उत्तरेकडे आहे. भिंतीला कोणता रंग द्यावा? मॅट (बिनचमकीचा) की ग्लॉसी (चकचकीत)?

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही आणि उजेड थोडा निळसर असतो. राखाडी किंवा पांढराशुभ्र रंग तिथे मलूल दिसतो. क्रीम, हस्तिदंती, फिकट पिवळसर बघा. शेडकार्डवर मात्र विसंबू नका. दोन-तीन छटांचे छोटे डबे आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवा. सकाळी, तिन्हीसांजेला आणि घरातलेच दिवे लावून बघा. पिवळसर एलईडीखाली तोच रंग ओळखू येत नाही.

ग्लॉसी हॉलला नकोच, असं माझं मत. पुट्टी जरा जरी उंचसखल असली तरी चकाकीत सगळं उघडं पडतं. मॅट घ्या, घरात लहान मुलं असतील तर धुता येणारं, किंचित चमकीचं सॅटिन. स्वयंपाकघरात तांबडा रस्सा वरचेवर होत असेल (होणारच!) तर तिथे सेमी-ग्लॉस, तेलाचे डाग पुसून निघतात.

आणि आपल्याकडच्या पावसात रंगकाम काढू नका. नवा गिलावा निदान २८ दिवस मुरू द्या, नंतर नीट वाळला की मगच रंग. बाहेरच्या भिंतीला भेग असेल तर ती आधी बुजवा, नाहीतर महागड्या रंगालाही पोपडे धरतात. दिवाळीच्या तोंडावर पेंटर हाताला लागत नाहीत, आत्ताच सांगून ठेवा.