ट्रकची मोटर जळली, आता कोणती घेऊ?

प्रश्न : मुलाकडे १/१० मापाचा, चारही चाकं ओढणारा रिमोटचा ट्रक आहे. बॅटरी ७.४ व्होल्टची लायपो. मे महिन्यात अनेरच्या पात्रात वाळूत चालवताना मोटरमधून धूर निघाला आणि ट्रक जागीच बसला. मोटरवर नंबर वगैरे काही नाही. दुकानदार म्हणतात, ५५० साइजची १२ टर्नची टाका, सुसाट पळेल. ऑनलाइन ५४० मध्ये २७, ३५, ५५, ८० टर्नच्या दिसतात. मुलाला पळवण्यापेक्षा वाळूतून, दगडांवरून चढवायला जास्त आवडतं. कोणती घेऊ?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आधी जळालेली मोटर फेकू नका. ती उघडून बघा. मागच्या झाकणापाशी डब्याच्या पत्र्याच्या दोन जिभा दुमडलेल्या असतात, त्या बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलल्या की झाकण निघतं. भुसावळला माझं मोटरी भरायचं दुकान आहे. केळीवाल्यांच्या पंपाच्या मोटरी येतात, त्यांनाही मी हेच सांगतो : का जळाली ते कळल्याशिवाय नवीन बसवू नका, तीही जळेल.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या ट्रकची मोटर मी अशीच उघडली. झाकण निघताच वार्निश जळाल्याचा वास आला. आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे अजून निम्मे शिल्लक होते, पण ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळानिळा पडलेला आणि आर्मेचरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, तार भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी तपकिरी. म्हणजे मोटर म्हातारी होऊन गेली नव्हती, ती लोडने मेली. कार्बन संपून नुसती स्प्रिंग कम्युटेटरवर घासताना दिसली असती, तर मी डोळे मिटून तेवढ्याच टर्नची मोटर परत बसवली असती. तुमची वाळूत, धूर काढत गेली. माझ्या मते तुमचंही लोडचंच प्रकरण आहे.

मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट्या दिशेने वीज तयार करते आणि बॅटरीचा करंट रोखून धरते. चाक वाळूत रुतलं, मोटर थांबली, की हा रोध शून्य होतो. मग करंट अडवायला तारेचा तेवढा रेझिस्टन्स उरतो, आणि तो ओहमच्या दहाव्या भागाइतकाच असतो. ७.४ व्होल्टला हिशेब केला तर ७० अँपिअरच्या वर जातो. बॅटरी आणि वायर प्रत्यक्षात तेवढा देत नाहीत, पण तार भाजायला त्याच्या निम्माही पुष्कळ झाला.

त्यावर आपला उन्हाळा. मोटर भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापते असं धरा. डिसेंबरच्या सकाळी २० अंशांत ती ६० वर थांबेल, मेच्या दुपारी ४५ मध्ये तीच ८५ वर जाईल. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ताकद उष्णतेत जाते, चुंबकही कमजोर पडतं. दुकानात अहिराणीत म्हणतात तसं, मोटार तपी गई. उन्हाळ्यात ट्रक सकाळी नाहीतर दिवेलागणीला काढा. दहा मिनिटं चालवलात की मोटरला बोट लावा. तीन सेकंद बोट टिकलं नाही तर थांबा, गार होऊ द्या.

आता टर्न. आर्मेचरच्या एकेका दातावर तारेचे किती वेढे आहेत, तो हा आकडा. १२ टर्नची तार जाड, वेढे कमी. ती भन्नाट फिरते आणि करंट खाते. वेढे वाढले की तार बारीक होते, गती उतरते, पण तेवढ्याच अँपिअरमध्ये ओढ जास्त मिळते. सपाट मैदानावर पळवायचा असता तर २७ म्हटलं असतं. तुमच्या मुलाला ५४० साइजची ३५ टर्नची घ्या. पाच दातांच्या आर्मेचरची मिळाली तर तीच उचला, कारण ती अगदी हळू चालतानाही हिसके देत नाही आणि दगडावर नेमकं तेच लागतं. ५५ टर्नची निव्वळ दगड चढायला उत्तम, पण ७.४ व्होल्टवर सपाट रस्त्याला इतकी संथ चालते की पोरगं कंटाळेल. ८० चा विचारच नको.

५५० वाईट नाही, फक्त लांब आहे. दोन्हींचा व्यास साधारण ३६ मिमी, पण ५४० ची लांबी ५० च्या आसपास, ५५० ची ५७. मागे तेवढी जागा नसेल तर बसणारच नाही. घेण्याआधी शाफ्ट ३.१७ मिमीचा आणि स्क्रूच्या भोकांतलं अंतर २५ मिमी आहे का, एवढं मोजा. ईएससीच्या, म्हणजे मोटरची गती कमी-जास्त करणाऱ्या डबीच्या, स्टिकरवर किमान किती टर्नची मोटर चालेल ते छापलेलं असतं. १२ टर्नची टाकायला निघालात आणि तिथे १८ लिहिलं असेल, तर मोटर वाचली तरी ईएससी जाईल. ३५ ला ही भीती नाही.

बसवण्याआधी मोटर नसलेला ट्रक हाताने ढकलून पाहा. चाकं जड फिरली तर ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये वाळू गेलेली असते, आधी ती साफ करा. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक, जुनंच लावायचं असेल तर दात झिजलेले नाहीत ना ते बघा, आणि नवीन घेत असाल तर एक-दोन दात कमीचं घ्या. पिनियन आणि ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या स्पर गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून कसा, मग पट्टी फिरवून काढा. तेवढी फट पुरते.

नवीन मोटर लगेच वाळूत नेऊ नका. दोन पेन्सिल सेल जोडून, ३ व्होल्टवर, ट्रकमध्ये न बसवता वीसेक मिनिटं नुसती फिरू द्या. कार्बन सपाट येतात, त्यांना कम्युटेटरची गोलाई घेऊ द्यावी लागते. शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशला तेल एकच थेंब. कार्बनवर तेल गेलं तर फिरवून केलेलं सगळं वाया जातं.

प्रश्न : नवीन मोटर लावली तर ट्रक उलटा पळतो. मोटर खराब निघाली का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नाही भाऊ. मोटरच्या दोन्ही वायरी अदलाबदल करा. फक्त मोटरवर ॲडव्हान्स टायमिंग दिलेलं असेल, म्हणजे कार्बनची जागा एका दिशेसाठी थोडी सरकवलेली असेल, तर ती एका दिशेलाच नीट चालते. उलट्या दिशेला जास्त तापते आणि ठिणग्या टाकते, अशी मोटर दुकानदाराकडून बदलून घ्या. वायरी सोडवल्याच आहेत तर टर्मिनलवर १०४ नंबरचे छोटे कपॅसिटर आहेत का ते पाहा : एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये, एकेक प्रत्येक टर्मिनलपासून डब्याला. ते नसले की कार्बनच्या ठिणग्यांमुळे रिमोटचा सिग्नल गडबडतो. सोल्डर करण्याआधी डब्याचा पत्रा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर धरत नाही.