अठरा पूर्ण झाले, आता राहायचं कुठे?

प्रश्न : सोलापुरातल्या एका बालगृहात राहते. पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष आहे. तीन महिन्यांनी अठरा पूर्ण होतील. लगेच बाहेर काढतील का?

कागद आत्ताच हलव. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४६ संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदत ‘देता येईल’ म्हणतं. ‘द्यावीच लागेल’ म्हणत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मागणाऱ्याचीच फाईल पुढे सरकते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी तुझी पुढची योजना बालकल्याण समितीपुढे जायला हवी. अधीक्षक मॅडमना विचार, ‘माझी गेली का?’ नसेल तर स्वतः लेखी अर्ज कर आणि पोच घे.

अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, २१ वर्षांपर्यंत मिळतं, अपवाद म्हणून २३ पर्यंत. सहा ते आठ जणींनी मिळून राहायचं तात्पुरतं घर नियमांतच आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. तेवढ्यात खोलीभाडं आणि मेस भागवताना नाकी नऊ येतात, म्हणून अर्जात राहण्याची सोयही माग. बँक खातं फक्त तुझ्या नावाचं हवं.

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या माझ्या दोन खोल्या संस्थेतून आलेल्या तीन मुलांना द्याव्यात म्हणतो. शेजारी नाकं मुरडतात. कायद्याने अडचण?

काहीच नाही. अठरा पूर्ण झालेला मुलगा स्वतःच्या सहीने करार करतो. तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी तुमची (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५). पोलिस ठाण्यात माहिती द्या, कुठल्याही भाडेकरूची देता तशीच. डिपॉझिट हप्त्यांनी घ्या. मुलांच्या आधारवर अजून संस्थेचाच पत्ता असेल, तो या कराराच्या आधारे बदलून घ्यायला सांगा.

भाड्यापलीकडची एक गोष्ट. सणाला मेस बंद होते, बरोबरचे गावी जातात आणि ही पोरं खोलीतच राहतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला त्यांना बरोबर न्या. ताप आला तर दार वाजवायला कुणी आहे, एवढं त्यांना कळू द्या.

प्रश्न : आई-बाप गेलेल्या भाच्याला मी वाढवलं. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबले. आता त्याला अनुरक्षणाचे मिळतील?

मावशी, नाही. कलम ४६ संस्थेतल्या मुलांपुरतं आहे. मला हा अन्यायच वाटतो. पण नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही अनाथ प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर शिक्षण व सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण. दोघांचे मृत्यू दाखले घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. मृत्यू दाखल्यांवरची नावं भाच्याच्या शाळेच्या दाखल्याशी जुळतात का, ते आधी घरीच तपासा.