गाडी आदळते? शॉकरच्या आधी टायरकडे बघा

प्रश्न: नमस्कार, माझी स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, 70 हजार किमी झालेत, सुदामा नगरहून पीथमपूरला रोजचं जाणं-येणं. मागच्या दिवाळीत 14 इंची चाकं काढून 16 इंची ॲलॉय टाकले, टायर 195/55. दिसते मस्त, पण आता प्रत्येक ब्रेकरवर अशी आदळते की आई मागे बसली की घरी येईपर्यंत कंबर धरून असते. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकर बदला, मित्र म्हणतो थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सेट) टाक, हाइट पण ॲडजस्ट होते आणि सॉफ्ट पण होते. पैसे जातील त्याचं काही नाही, पण आराम मिळाला पाहिजे. काय टाकू?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: आईंना सांगा, दोष शॉकरचा अर्धाच, उरलेला अर्धा तुमच्या ॲलॉयचा. कंपनीचा टायर होता 165/80 आर 14, म्हणजे रुंदी 165 मिमी आणि साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची भिंत) तिच्या 80 टक्के, 132 मिमी. तुमच्या 195/55 ची भरते 107. चाकाचा बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राहिला म्हणून मीटरमध्ये काही फरक दिसत नाही, पण रिम आणि खड्डा यांच्यामधली 25 मिमी जागा गेली ना, आणि बारीक खड्ड्यांचे दणके आधी तीच जागा खात होती. वर ॲलॉय जड असेल तर ते वजन स्प्रिंगच्या खालचं, चाक वर उडालं की शॉकरला ते आवरायला जास्त मेहनत. जुने 14 इंची कुठे पडले असतील तर एक आठवडा लावून बघा, फुकटातला प्रयोग आहे. ॲलॉय हवेतच असतील तर 15 इंची 185/65 घ्या, साइडवॉल 120 मिमी, कंपनीच वरच्या मॉडेलला हा साइज देत आलीये.

आणि हवा! पंपावरचा पोरगा न विचारता 36 पीएसआय भरून देतो, आपणही मान हलवतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतं त्यावरचा आकडा धरा, तोही सकाळी टायर थंड असताना. नायट्रोजनने गाडी मऊ होते हे डोक्यातून काढून टाका.

आता शॉकर. एक गोष्ट पक्की समजून घ्या की गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकर फक्त तिचं हलणं थांबवतो. बोनेटचा कोपरा दाबून सोडा, एक-दीड हेलकाव्यात गाडी थांबली पाहिजे, डुलतच राहिली तर शॉकर मेला. पण थांबली म्हणजे तो ठणठणीत आहे असं नाही हां, अर्धवट थकलेला शॉकर या परीक्षेत पास होतो. शॉकरच्या रॉडखाली तेलाचा ओला पट्टा दिसतो का ते बॅटरी मारून बघा. आणि गाडी रॅम्पवर आहेच तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या बारला जोडणारी दांडी) आणि शॉकरचं वरचं माउंटिंगही तपासून घ्या. हळू चालवताना बारीक खड्ड्यांवर खडखड येते ती बहुतेक वेळा लिंक रॉडची. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की समोरून टणकन स्प्रिंग सरकल्यासारखा आवाज येतो तो माउंटिंगचा. हे तसंच ठेवून महागातला शॉकर बसवलात तर खडखड तशीच राहणार आणि शिव्या बिचाऱ्या शॉकरला.

70 हजारांवर बदलायची वेळ आली असं निघालं तर माझं मत साधं आहे, रोजच्या आरामासाठी कंपनीच्याच ट्यूनिंगचा चांगला शॉकर घ्या. गॅब्रिएल, केवायबी, मनरो यांच्यात तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर मिळतो का ते दुकानात बघा. बिल्स्टीन कंपनीचं नाव ऐकून कोणी त्यांचं बी8 मॉडेल गळ्यात मारू नये, तो खाली केलेल्या गाड्यांसाठी असतो, बी6 गाडीच्या मूळ उंचीवर चालतो पण कडक आहे, आरामवाल्याने बी4 विचारायचा. कोनी कंपनीचा स्पेशल ॲक्टिव्ह शॉकर (आधी एफएसडी म्हणायचे) मला डोक्याने आवडतो, त्यात एक जास्तीचा व्हॉल्व्ह असतो, रस्त्याच्या बारीक थरथरीत तो शॉकर सैल करतो आणि वळणावर गाडी झुकली की घट्ट. पण तुमच्या गाडीत बसणारा असेल तरच, जुगाड करून नको.

कॉइलओव्हर मात्र नाही म्हणजे नाही. बहुतेक किट गाडी खाली करायला बनवलेले, स्प्रिंग कडक आणि चाकाला वर जायला जागा कमी, म्हणजे ब्रेकरवर शॉकर थेट रबरी स्टॉपवर जाऊन आपटणार. कॉलनीतले ब्रेकर तुम्ही बघताच, नियमाप्रमाणे गोल उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेमी उंच हवा, आपल्याकडे डांबराची भिंत असते. तिथे ब्रेक आधी मारा आणि चढताना सोडून द्या, ब्रेक दाबलेला राहिला तर नाक आधीच खाली बसलेलं असतं, शॉकरला हलायला जागाच उरत नाही. पीथमपूरला रोज जाताच, तिथल्या नॅट्रॅक्समध्ये (गाड्यांच्या चाचणी केंद्रात) 11.3 किमीच्या हाय-स्पीड ट्रॅकबरोबर वेगळा कम्फर्ट ट्रॅकही आहे. कंपनीवाले एवढं घासून ट्यूनिंग करतात आणि आपण गॅरेजमध्ये संध्याकाळी बसून ते उलटं करायचं!

बदलताना जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना फायनल कसू देऊ नका, चाकांवर वजन आलं की मगच, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, वैतागला तरी चालेल. मग चाकांची अलाइनमेंट.

प्रश्न: सहा जण आणि सामान घेऊन नाशिकला जायचं असलं की आमची सात सीटर मागे बसते. स्प्रिंगमध्ये रबर बफर टाकू का?
(एक वाचक, राऊ)

उत्तर: भरलेल्या गाडीला मदत होते, रिकामी मात्र धडधडते, कारण स्प्रिंगचे काही वेटोळे तुम्ही बांधूनच टाकता. वर्षातून दोनदाच जात असाल तर नको. आधी मागच्या स्प्रिंग थकल्यात का ते बघा, रिकामी उभी असतानाही मागून खाली दिसत असेल तर स्प्रिंगच बदला. आणि भरल्या गाडीची हवा स्टिकरवर वेगळी दिलेली असते, निघायच्या आधी तेवढी भरून घ्या.